ल्युथर बरबँक : बटाटा, सुवासिक कॅला लिली आणि कंदाचा हिवाळा

कॅला लिलीचे कर्ण्यासारखे पांढरे फूल लग्नाच्या सजावटीत आणि मोठ्या शहरांच्या फूलबाजारात आता ओळखीचे झाले आहे. नावात लिली असली, तरी हे झाड लिलीच्या कुळातले नाही. आपला अळू आणि सुरण ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातले हे कंदपीक आहे. आपण जिला पाकळी समजतो ते एक रंगीत आवरण असते आणि आतल्या पिवळ्या दांड्यावर शेकडो बारीक खरी फुले असतात. पाने-कंद हाताळताना खाज येते, त्याचे कारणही अळू-सुरणाचेच आहे : पेशींमध्ये असणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक.

या पिकाबद्दल पहिला प्रश्न हमखास हा असतो, की फुले संपल्यावर कंद काढून ठेवायचे की जमिनीतच राहू द्यायचे? एका ओळीत याचे उत्तर देता येत नाही. कॅला कोणत्या गटातली आहे आणि तुमच्याकडे थंडी कशी पडते, पाऊस कधी येतो, यावर ते ठरते. आयुष्याची पहिली २६ वर्षे बर्फात आणि उरलेली ५० वर्षे सौम्य हवेत काढलेल्या एका माणसाच्या चरित्रातून ही गोष्ट चांगली समजते. त्यांचे नाव ल्युथर बरबँक. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत पोहोचले. त्याच काळातले बरबँक मात्र आपल्याकडे फारसे माहीत नाहीत. प्रत्यक्षात त्यांच्या बटाट्यापासून निघालेला वाण जगभर फ्रेंच फ्राइजसाठी वापरला जातो.

बर्फाच्या प्रदेशातली शेती

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसेच्युसेट्स राज्यात, लँकेस्टर या गावी झाला. वडिलांची तीन लग्ने झाली होती आणि ल्युथर हे त्यांचे तेरावे अपत्य. शिक्षण गावच्या शाळेपुरतेच झाले. काही काळ त्यांनी नांगर बनवणाऱ्या कारखान्यात काम केले. वडील वारल्यावर वाट्याला आलेल्या पैशातून त्यांनी जवळच लुनेनबर्ग येथे १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवून विकू लागले. याच सुमारास पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांच्यात बदल कसे घडतात, यावरचे डार्विन यांचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. त्या पुस्तकाने त्यांना कामाची दिशा मिळाली.

मॅसेच्युसेट्समध्ये हिवाळ्यात जमीन वरून गोठते. भाजीवाल्याला मिळणारा हंगाम आखूड असतो. बटाट्याचे बेणे तळघरात सांभाळावे लागते. कॅला लिली त्या भागात होती, पण कुंडीत, घरातल्या खिडकीशी. बाहेर राहिलेला कंद बर्फात गोठला, की बर्फ वितळताच त्याचा लगदा होतो. कंद गोठला तर वर्षाची कमाई जाते, ही गोष्ट बरबँक लहानपणापासून पाहत होते.

त्यांच्या शेतात अर्ली रोज जातीचा बटाटा होता. या जातीला फळ सहसा धरत नाही. एका झाडावर मात्र त्यांना बियांचे बोंड दिसले. ते पिकायची वाट पाहत असताना एके दिवशी ते गळून नाहीसे झाले. बरबँक यांनी झाडाभोवतालची जमीन पुनःपुन्हा चाळली, तेव्हा थोड्या अंतरावर ते सापडले. आत २३ बिया निघाल्या. पुढच्या हंगामात त्या पेरल्या, तर प्रत्येक झाडाखालचे बटाटे वेगळे निघाले : काही वाकडे, काही बारीक, काही खोल डोळ्यांचे. एका झाडाचे मात्र मोठे, गुळगुळीत आणि भरपूर होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण बरबँक यांची पुढची सगळी कामगिरी याच एका गोष्टीवर उभी आहे आणि कॅलालाही ती तशीच लागू पडते. कंदापासून लावलेले झाड आईची हुबेहूब नक्कल असते. बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे असते. नवीन वाण हवा असेल तर बी लावावे लागते आणि मिळालेला वाण टिकवायचा असेल तर कंदच लावावे लागतात. हळद-आल्याचे बेणे राखणाऱ्या शेतकऱ्याला यातला दुसरा अर्धा भाग चांगला ठाऊक असतो. बरबँक यांनी पहिल्या अर्ध्याचा उपयोग करून घेतला.

हा बटाटा त्यांनी बियाणे व्यापारी जे. जे. एच. ग्रेगरी यांना विकला. मागितले होते ५०० डॉलर, मिळाले १५०. शिवाय स्वतःसाठी दहा बटाटे ठेवण्याची मुभा मिळाली. तेव्हा वनस्पतीच्या वाणावर पैदासकाराचा कोणताही कायदेशीर हक्क नव्हता. एकदा बेणे बाजारात गेले, की ते सगळ्यांचे. पुढे या बटाट्यातच खरबरीत तपकिरी सालीचा एक नैसर्गिक फेरबदल आढळला. तो रसेट बरबँक नावाने अमेरिकेचा प्रमुख बटाटा झाला. त्या सगळ्या व्यापारातून मूळ पैदासकाराच्या वाट्याला १५० डॉलरच आले.

सांता रोझा : तेच झाड, वेगळी हवा

१८७५ च्या ऑक्टोबरमध्ये, ते दहा बटाटे सोबत घेऊन, बरबँक रेल्वेने कॅलिफोर्नियात गेले. भाऊ आधीच तिकडे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या सांता रोझा गावी त्यांनी मुक्काम केला, तो मरेपर्यंत. सुरुवातीला हाताला मिळेल ते काम, सुतारकामसुद्धा, केले. मग छोटी रोपवाटिका सुरू केली.

सांता रोझात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. रात्री कधी कधी हलके दव गोठते, पण जमीन गोठत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागाची हवा साधारण अशीच आहे आणि पांढऱ्या कॅलाचे मूळ घर दक्षिण आफ्रिकाच आहे. त्यामुळे मॅसेच्युसेट्समध्ये खिडकीत जपावे लागणारे हे झाड कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर बागेबाहेर पडून ओढ्याकाठी आपोआप वाढू लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर ते तण ठरले आहे.

पांढऱ्या कॅलाच्या मायदेशातच तिच्या विश्रांतीचे उत्तर सापडते. केपच्या पश्चिमेला पाऊस हिवाळ्यात असतो. तिथे ती हिवाळ्यात वाढते, वसंतात फुलते आणि कोरड्या उन्हाळ्यात पाने टाकून झोपते. देशाच्या पूर्व भागात पाऊस उन्हाळ्यात पडतो, म्हणून तिथे तीच जात हिवाळ्यात झोपते. बारमाही ओल असलेल्या दलदलीत ती झोपतच नाही, वर्षभर हिरवी राहते. म्हणजे पांढऱ्या कॅलाची विश्रांती पाण्यावर ठरते. पाणी असेल आणि कंद गोठणार नसेल, तर तिला सक्तीने झोपवायची काहीच गरज नाही.

पिवळी, गुलाबी, जांभळट अशा रंगीत कॅलांचे तसे नाही. त्या त्याच वंशातल्या, पण वेगळ्या गटातल्या. उन्हाळी पावसाच्या गवताळ भागांतून आलेल्या. त्यांना चपटा कंद असतो आणि हिवाळ्यातली कोरडी विश्रांती त्यांना लागतेच. पांढरी कॅला पाणथळ जागेत खुशीने वाढते. रंगीत कॅला तिथे सडते. दोन्ही गटांना एकाच नावाने विकले जाते आणि बहुतेक नुकसान इथूनच सुरू होते, असे माझे मत आहे.

फळझाडांतले यश

कॅलाकडे वळण्याआधी बरबँक यांच्या एका धाडसाबद्दल सांगायला हवे. १८८१ मध्ये पेटालुमाच्या वॉरन डटन यांना त्याच वर्षी लावायला २०,००० प्रून आलुबुखाऱ्याची कलमे हवी होती. नेहमीच्या पद्धतीने याला दोन-अडीच वर्षे लागली असती. बरबँक यांनी खुंटासाठी बदाम निवडला, कारण बदामाचे बी लवकर उगवते आणि रोप झपाट्याने वाढते. वाळूत बदाम रुजवून रोपे केली, उन्हाळ्यात त्यांवर प्रूनचे डोळे भरले आणि डोळा फुटेपर्यंत खुंटाचा शेंडा न छाटता फक्त मोडून वाकवून ठेवला, म्हणजे मुळांना अन्न मिळत राहील. डिसेंबरपर्यंत सुमारे १९,५०० कलमे तयार झाली. द्राक्षाला डॉगरिज आणि संत्र्याला जंबेरी खुंट वापरणाऱ्या आपल्या बागायतदारांना यातली अक्कल लगेच कळेल.

या पैशातून आणि नावलौकिकातून त्यांनी १८८५ मध्ये सेबास्टोपोलजवळ गोल्ड रिज येथे दहा एकर रेताड पोयट्याची जमीन घेतली आणि पुढे ती वाढवली. सांता रोझाच्या घराभोवती चार एकरांची बाग होतीच. या दोन जागांवर त्यांनी पन्नास वर्षांत ८०० हून अधिक वाण तयार केले. जपानहून रोपे मागवून त्यांनी आलुबुखाऱ्याचे अनेक वाण काढले. त्यातला सांता रोझा वाण आजही लावला जातो. वेगवेगळ्या खंडांतल्या डेझींचा संकर करत, सुमारे सतरा वर्षांनी त्यांनी १९०१ मध्ये शास्ता डेझी बाजारात आणली.

त्यांची पद्धत वेगळी होती. हजारो रोपे वाढवायची, रांगेतून चालत एकेक पाहायचे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवायची आणि बाकीची उपटून जाळून टाकायची. एखाद्या संकराची हजारो झाडे एका दिवसात होळीत गेल्याची उदाहरणे आहेत. इतक्या नासाडीला मन घट्ट लागते. पण निवड पद्धतीत खरे काम टाकून देण्याचेच असते.

सुवासिक कॅला

कॅलाला सुगंध नसतो, असे तेव्हा सगळे धरून चालत. लिटल जेम नावाची एक बुटकी पांढरी कॅला होती. बरबँक यांनी तिचे बी पेरून रोपांचा वाफा केला. फुले आल्यावर एकदा त्या वाफ्याजवळून जाताना त्यांना मंद गोड वास जाणवला. वास कुठून येतो ते कळेना. त्यांनी एकेक फूल हुंगत वाफा तपासला आणि शेवटी तो वास एकाच रोपाचा असल्याचे आढळले. ते रोप वेगळे काढून, बाजूच्या पिल्लांपासून वाढवून, त्यांनी फ्रॅग्रन्स या नावाने विकले. रंगीत कॅलांवरही त्यांनी काम केले. लेमन जायंट ही पिवळी कॅला त्यांचीच.

इथे संकरात एक अडथळा आहे. रंगीत जातींचा आपसात संकर सहज होतो. आजच्या बाजारातले बहुतेक रंग तसेच आले आहेत. पांढरीचा आणि रंगीत कॅलाचा संकर मात्र जवळजवळ फसतो, कारण त्यातून येणाऱ्या रोपांत हरितद्रव्य धरत नाही आणि ती पांढुरकी होऊन मरतात. ओल्या जागेत वाढणारी, वर्षभर हिरवी राहणारी पिवळीधमक कॅला अजून बाजारात रुळलेली नाही, याचे कारण हे आहे.

बियांपासून कॅला फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे निवड करणाऱ्याला फूल पाहण्याआधी प्रत्येक रोप दोन तरी हिवाळे जिवंत ठेवावे लागते. मॅसेच्युसेट्समध्ये हजारो रोपे असे सांभाळायला केवढे काचघर लागले असते! सांता रोझात त्यांना उघड्या वाफ्यावर ते जमले. बरबँक यांच्या नजरेचे कौतुक करताना त्यांनी निवडलेल्या हवेचेही मोल धरले पाहिजे.

कंद सांभाळायचे कसे

जमीन गोठते अशा ठिकाणी, म्हणजे उत्तर अमेरिकेचा बराच भाग, मध्य युरोप किंवा हिमालयातले उंचावरचे पट्टे, दोन्ही गटांचे कंद बाहेर ठेवू नयेत. रंगीत कॅलाची पाने पिवळी पडली किंवा पहिल्या हलक्या हिमकडाक्याने काळी पडली, की कंद इजा न करता काढावेत, माती झटकून सावलीत वाळवावेत आणि कोरड्या भुशात किंवा कोकोपीटमध्ये, १० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा खेळती ठेवून दोन-तीन महिने ठेवावेत. पांढरी कॅला वाळवून ठेवण्यापेक्षा कुंडीसकट थंड, उजेडाच्या, न गोठणाऱ्या खोलीत हलवावी आणि पाणी कमी करावे.

इंग्लंडच्या सौम्य भागांत लोक पांढरी कॅला बाहेरच ठेवतात. वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालतात किंवा कंद तळ्यात वीतभर पाण्याखाली ठेवतात. वरचे पाणी गोठले तरी खालचा कंद वाचतो.

महाराष्ट्रात थंडीने कंद मरण्याची भीती जवळपास नाही. आपल्याकडे धोका आहे तो उन्हाळ्याच्या चटक्याचा आणि पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा. रंगीत कॅलाला सुरणासारखे वागवावे, म्हणजे पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे, कंद पक्व होऊ द्यायचे आणि मगच काढायचे. ग्लॅडिओलसचे कंद शीतगृहात ठेवणाऱ्यांना ही विश्रांतीची कल्पना नवी नाही. फरक एवढाच, की कॅलाला तितकी थंडी देऊ नये. गरम, ओल्या जमिनीत रंगीत कॅलाला मऊकूज लागते. कंद आतून पातळ होतो आणि घाण वास येतो. ही कूज जिवाणूंमुळे होते. त्यामुळे केवळ बुरशीनाशकात कंद बुडवून समाधान मानू नये. उंच गादीवाफा, उत्तम निचरा, कंदाला जखम न होऊ देणे आणि सडलेला कंद दिसताच मातीसकट काढणे, हेच खरे उपाय आहेत. लावणीपासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत फूल येते, त्यामुळे पाऊस सरल्यावर लावलेले कंद थंडीच्या दिवसांत फुलतात.

निवडुंगाचा फसलेला सौदा

एका बाबतीत हवामानानेच बरबँक यांचा घात केला. काटेरहित निवडुंग हे त्यांचे मोठे स्वप्न होते. ओसाड जमिनीत हिरवा चारा मिळावा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली आणि १९०७ च्या सुमारास त्याची पाने बाजारात आणली. मध्यस्थांनी ती अवाच्या सवा दराने खपवली. पण काटे नसलेला निवडुंग जनावरे मुळापासून खातात, म्हणून आधी कुंपण घालावे लागते. पूर्ण कोरड्या जागी तो जोमाने वाढत नाही आणि कडक थंडीत मरतो. हे जाहिरातीत कुणी सांगितले नाही. त्यांच्या नावाने काढलेली कंपनी काही वर्षांतच बुडाली. दोष विक्रेत्यांचा होता हे खरे, पण नाव वापरू देण्याआधी बरबँक यांनी हे विचारायला हवे होते. वनस्पती मात्र वाया गेली नाही. थंडीचा प्रश्न नसलेल्या आपल्या कोरडवाहू पट्ट्यात काटेरहित निवडुंगाचा चारा म्हणून विचार होतो आणि उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने त्यावर काम केले आहे.

दुसरी उणीव नोंदींची. १९०५ पासून कार्नेगी संस्थेने त्यांना वर्षाला १०,००० डॉलरचे साहाय्य दिले आणि त्यांची पद्धत लिहून काढण्यासाठी जॉर्ज शल या शास्त्रज्ञाला पाठवले. कोणत्या झाडाचा कशाशी संकर केला, याच्या पुरेशा नोंदी मिळेनात. मेंडेलच्या अनुवंशाच्या नियमांकडेही बरबँक यांनी फारसे लक्ष दिले नाही. काही वर्षांत साहाय्य थांबले. निवडीतले एवढे ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आणि बोटांत होते, ते त्यांच्यासोबतच गेले. नवे वाण निवडणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी यासाठी एक वही तरी ठेवावी. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो आणि तिथे वाणाचे वेगळेपण दाखवावे लागते.

शेवटची वर्षे

उतारवयात त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ असे. १९१५ मध्ये एडिसन आणि हेन्री फोर्ड येऊन गेले. परमहंस योगानंद त्यांचे स्नेही होते आणि त्यांनी आपले आत्मचरित्र बरबँक यांना अर्पण केले. ११ एप्रिल १९२६ रोजी बरबँक वारले. त्यांना सांता रोझाच्या घरासमोर, त्यांनीच लावलेल्या देवदाराखाली पुरले.

अमेरिकेत वनस्पतींच्या वाणांवर पेटंट देणारा कायदा १९३० मध्ये आला. मृत्यूनंतर बरबँक यांच्या नावे १६ पेटंट नोंदली गेली. मात्र बटाट्यासारखी खाण्याच्या कंदापासून वाढणारी पिके या कायद्यातून वगळली होती. १५० डॉलरला गेलेला तो बटाटा जिवंतपणी कायदा असता, तरी त्याखाली आला नसता. सांता रोझाची बाग आणि गोल्ड रिजवरचा जमिनीचा एक तुकडा आजही राखून ठेवला आहे, तर कॅलिफोर्नियात ७ मार्चला, त्यांच्या जन्मदिवशी, वृक्षारोपण दिन पाळतात.